पर्ड्यू फार्माच्या मास्तरांना खुलं पत्र

पर्ड्यू फार्मा कंपनीचे मालक, संचालक आणि विक्री खातं यांना,

फेब्रुवारी २००१ मध्ये तुमच्या कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड सॅकलर यांनी एका ईमेलमध्ये गुन्हेगार कोण ते ठरवून टाकलं होतं. तुमच्या ऑक्सिकॉन्टिन या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीच्या आहारी गेलेली माणसंच दोषी आहेत, त्यांच्यावर मिळेल त्या मार्गाने घाव घातले पाहिजेत, अशा अर्थाचा तो मजकूर पुढे कोर्टाच्या कागदपत्रांतून जगासमोर आला. हे पत्र म्हणजे त्या ईमेलला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा. दोषी कोण हा प्रश्न तुम्हीच काढलात, तेव्हा तो शेवटपर्यंत नेऊ.

तुम्ही गोळ्या विकल्यात, खोटं सांगून विकल्यात आणि दोनदा न्यायालयात गुन्हा कबूल केलात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यावर पुस्तकं झाली, मालिका झाल्या. माझी तक्रार तुमच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल आहे. तुम्ही डॉक्टरांना शिकवलंत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला अफूच्या जातीच्या औषधांबद्दल जे काही कळलं, त्यातलं फार मोठं शिक्षण तुमच्या पैशाने आणि तुमच्या मजकुरावर झालं. मास्तर म्हणून तुमचा हात धरणारा कोणी झाला नाही.

कारण वर्ग रिकामा होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजात वेदनेवर मोजकी व्याख्यानं होत, आणि व्यसनाधीनतेच्या उपचारावर त्याहून कमी. दारूने लिव्हर कसं खराब होतं हे विद्यार्थ्याला पाठ असे. पण समोरच्या माणसाची दारू सुटायला मदत कशी करायची, हे त्याला कोणी करून दाखवलेलं नसे. व्यसनवैद्यक या विषयाला तिथल्या मुख्य वैद्यकीय मंडळाने सर्व शाखांच्या डॉक्टरांसाठी उपशाखा म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. तोवर ऑक्सिकॉन्टिन बाजारात येऊन २० वर्षं झाली होती. या वीस वर्षांत शिकवायला कोण आलं? तुम्ही आलात.

आणि किती मेहनतीने आलात. १९९६ ते जुलै २००२ या काळात वेदनेच्या विषयावरचे २०,००० हून अधिक शैक्षणिक कार्यक्रम तुमच्या प्रायोजकत्वाने किंवा अनुदानाने झाले. १९९६ ते २००१ या काळात फ्लोरिडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या रिसॉर्टांमध्ये तुम्ही ४० हून अधिक परिषदा भरवल्यात. तिथे ५,००० हून अधिक डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्सेस येऊन गेल्या. प्रवास, राहणं, जेवण सगळं तुमच्याकडून. त्यातूनच इतर डॉक्टरांना भाषणं देणारे डॉक्टर तुम्ही तयार केलेत, म्हणजे विद्यार्थ्यांमधूनच पुढचे मास्तर. तुमच्या एमआरची संख्या १९९६ मध्ये ३१८ होती, २००० मध्ये ती ६७१ झाली. ते दवाखान्यात जाताना मासेमारीच्या टोप्या, कापडी खेळणी आणि जुन्या नाचगाण्यांच्या सीडी घेऊन जात, सगळ्यावर गोळीचं नाव छापलेलं. आपल्याकडचे एमआर पेन आणि कॅलेंडरं वाटतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण २००१ मध्ये तुमच्या एमआरचा सरासरी वार्षिक बोनसच ७१,५०० डॉलर होता, त्यांच्या पगाराहूनही जास्त. चार वर्षांत गोळीची विक्री ४ कोटी ८० लाख डॉलरवरून जवळजवळ ११० कोटींवर गेली. ही तुम्हाला मिळालेली गुरुदक्षिणा.

आता अभ्यासक्रमाकडे वळू, कारण खरा अपराध तिथे आहे.

पहिला धडा असा की या गोळीने व्यसन लागण्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी आहे. एमआरना हेच सांगायला शिकवलेलं होतं. या समजुतीला आधार म्हणून त्या काळात जे वारंवार पुढे केलं गेलं, ते काय होतं? 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये जानेवारी १९८० मध्ये छापून आलेलं एक वाचकपत्र. त्यात एकूण पाच वाक्यं. बोस्टनच्या एका प्रकल्पातल्या डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी चाळल्या आणि ज्यांना पूर्वी व्यसन नव्हतं अशांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची स्पष्ट नोंद सापडली, असं त्यांनी कळवलं. रुग्णालयात नर्स ठरल्या वेळी औषध देते आणि बरं वाटल्यावर थांबवते. ते रुग्ण वेगळे, आणि पाठदुखीसाठी महिन्याची गोळ्यांची बाटली घरी नेणारा माणूस वेगळा. हा फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजतो. तरी २०१७ मध्ये अभ्यासकांनी मोजलं तेव्हा त्या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेलेला आढळला. त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ते व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ८० टक्क्यांहून अधिक लेखांनी ते रुग्ण दाखल झालेले होते हे सांगितलंच नव्हतं. पत्र लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी पाच वाक्यांत पाच वाक्यांएवढंच सांगितलं होतं.

दुसरा धडा याहून वाईट, आणि तो वाचताना मला प्रत्येक वेळी संताप येतो. १९८९ मध्ये दोन डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलावर लेख लिहिला. त्याला पुरेसं वेदनाशामक मिळत नव्हतं म्हणून तो सारखं औषध मागत होता, आणि कर्मचाऱ्यांना वाटलं की त्याला चटक लागली. या अवस्थेला लेखकांनी 'स्यूडोॲडिक्शन' असं नाव दिलं, म्हणजे व्यसनासारखं दिसणारं पण व्यसन नसलेलं काहीतरी. त्या मुलाच्या बाबतीत ते खरंच असेल. पण त्या दोघांपैकी एक डॉक्टर पुढे तुमच्याच कंपनीत मोठ्या पदावर आले, आणि एका मुलाची गोष्ट लाखो रुग्णांना लावली गेली. रुग्ण लवकर परत येतोय, गोळ्या हरवल्या म्हणतोय, जास्त मागतोय? मग त्याची वेदना नीट शमलेली नाही, डोस वाढवा. व्यसनाची जी लक्षणं पाहून डॉक्टरने थांबायला हवं, त्याच लक्षणांवर आणखी गोळ्या लिहायला तुमच्या पत्रकांनी शिकवलं.

एखाद्या डॉक्टरला एखादा विषय ठाऊक नसेल तर तो निदान बिचकतो, कोणाला तरी विचारतो. तुम्ही त्याला चुकीचं शिकवून निर्धास्त केलंत. आणि हे तुम्ही अज्ञानातून केलं असं कोणी म्हणू शकत नाही. कंपनी वाढवणारे मॉर्टिमर आणि रेमंड सॅकलर हे भाऊ स्वतः डॉक्टर होते, तेही मानसोपचाराचं काम केलेले. रिचर्ड सॅकलरही डॉक्टर. ज्या घरात इतके डॉक्टर, त्या घराला चटक म्हणजे काय हे बाहेरच्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या टोकाला सेंट चार्ल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या दवाखान्यात डॉ. आर्ट व्हॅन झी हे डॉक्टर काम करत. शतक बदलत असताना आपल्याच रुग्णांची मुलं या गोळीपायी उद्ध्वस्त होताना त्यांनी पाहिली, आणि ही गोळी बाजारातून काढा म्हणून मागणी केली. त्यांच्यामागे विक्री खातं नव्हतं, सीडी नव्हत्या, रिसॉर्ट नव्हते. २००९ मध्ये एका सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात त्यांनी तुमच्या प्रचाराचा सगळा हिशेब मांडला. वर दिलेल्या आकड्यांपैकी बरेच त्या लेखात आहेत. असे डॉक्टर तिथे होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण तुमचा आवाज मोठा होता.

आता दुसरी बाजू पाहू. चटक लागलेल्या माणसाला बरं करायला डॉक्टरला काय शिकावं लागतं?

उपचार अस्तित्वात नव्हता अशी स्थिती नव्हती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डोल, मारी निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक यांनी साठच्या दशकातच दाखवलं होतं की रोज मेथाडोन दिलं तर हेरॉइनच्या मागे धावणारा माणूस कामावर जाऊ शकतो, घर चालवू शकतो. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्यूप्रेनॉर्फिन आलं. जिभेखाली ठेवायची गोळी, दवाखान्यातून देता येणारी, आणि श्वास थांबवण्याच्या बाबतीत जिच्या परिणामाला एक मर्यादा आहे अशी. यांपैकी कोणतंही औषध चालू असलेल्या रुग्णांचं मरणाचं प्रमाण उपचार न मिळालेल्यांच्या सुमारे निम्मं किंवा त्याहूनही कमी असतं. वैद्यकात इतका मोठा फरक पाडणारी औषधं फार नाहीत.

पण ब्यूप्रेनॉर्फिन लिहायला अमेरिकेत काय लागत होतं, ते ऐका. २००० सालच्या कायद्याने डॉक्टरला आठ तासांचं खास प्रशिक्षण सक्तीचं केलं. मग सरकारकडे अर्ज, मग एक्स या अक्षराने सुरू होणारा वेगळा नोंदणी क्रमांक. त्यानंतरही आधी एका वेळी तीसच रुग्ण, आणि सुरुवातीची काही वर्षं तर अख्ख्या सामूहिक दवाखान्याला मिळून तीस. नर्स प्रॅक्टिशनरना परवानगी २०१६ नंतर, तीही २४ तासांच्या प्रशिक्षणानंतर. तुमची ऑक्सिकॉन्टिन लिहायला मात्र नियंत्रित औषधांची नेहमीची नोंदणी पुरत होती. आठ तास नाहीत, आठ मिनिटंही नाहीत. रुग्ण तीस असोत की तीन हजार. चटक लावणारी गोळी खुली आणि चटक सोडवणारी गोळी कुलपात.

तो कायदा तुम्ही केला नव्हता, हे मला मान्य आहे. त्यामागची भीती तुमच्याहून जुनी आहे. अमली पदार्थांवरच्या १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की व्यसनी माणसाला आधार म्हणून मॉर्फिन देत राहणं हा वैद्यकीय उपचारच नव्हे. पुढे कित्येक डॉक्टरांवर खटले झाले, आणि या रुग्णांपासून लांब राहायचं हे वैद्यकीय जगाच्या अंगवळणी पडलं. पण ही रिकामी जागा तुम्ही पाहिलीत, मापलीत आणि तिच्यावर धंदा उभा केलात. मला एकच विचारायचंय. त्या २०,००० कार्यक्रमांपैकी किती कार्यक्रमांत डॉक्टरला सांगितलं गेलं की तुमच्या गोळीची चटक लागलेला माणूस उद्या समोर येऊन बसला तर त्याच्यासाठी काय करायचं? एवढी यादी द्या. बाकीचं सगळं बाजूला ठेवू.

ब्यूप्रेनॉर्फिनच्या परवान्याचे ते आठ तास नेमकं काय शिकवत होते, हे इथे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं हा काही उपदेशाचा तास असतो. ब्यूप्रेनॉर्फिन चुकीच्या वेळी दिलं तर ते शरीरातल्या आधीच्या नशेला ढकलून बाहेर काढतं, आणि रुग्णाला अर्ध्या तासात भयंकर त्रास सुरू होतो. पुण्या-मुंबईत ब्राउन शुगर ओढणारी मुलं त्याला टर्की म्हणतात. म्हणून शेवटच्या नशेनंतर बारा तास किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. डॉक्टरने वाट पाहायची, रुग्णाच्या बाहुल्या किती रुंद झाल्या, जांभया येतात का, नाक गळतंय का, अंगावर काटा येतोय का, नाडी किती, हे सगळं मोजून गुण द्यायचे, आणि गुण पुरेसे झाले की दोन-चार मिलिग्रॅमने सुरुवात करायची. तासाभरात माणूस शांत होतो. ज्या डॉक्टरने हे एकदा पाहिलं, तो या रुग्णांना पुन्हा घाबरत नाही. मग शिकायचं ते असं की औषध चार आठवड्यांत बंद करायचं नाही. शरीर स्वच्छ झालं, सवय मोडली आणि रुग्ण जुन्याच डोसवर परतला, तर तोच डोस त्याला मारतो. अति मात्रेवर उतारा असलेला नॅलोक्सोनचा नाकातला फवारा घरच्यांच्या हातात द्यायचा आणि वापरून दाखवायचा. आणि विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "तू घेतोस का?" असं दरडावून विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं.

अवघड आहे का हे? इन्सुलिन सुरू करण्याहून अवघड नाही. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तातडीच्या विभागात आलेल्या ३२९ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता पत्ता देऊन दुसरीकडे पाठवलं, त्यांच्यापैकी ३७ टक्के महिन्यानंतर उपचारात होते. ज्यांना तिथेच ब्यूप्रेनॉर्फिन सुरू केलं, त्यांच्यापैकी ७८ टक्के. फ्रान्सने तर १९९५ पासून कोणत्याही फॅमिली डॉक्टरला हे औषध लिहू दिलं, आणि पुढच्या चार वर्षांत तिथे अति मात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधा डॉक्टर आणि साधा दवाखाना पुरतो. फक्त त्या डॉक्टरला कोणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

ते शिक्षण नसल्याची किंमत कधी कळली? तुम्ही गोळी बदलल्यावर. २०१० मध्ये तुम्ही गोळीचा नवा प्रकार काढलात, सहज चुरडता न येणारा. ज्यांना आधीच चटक लागली होती त्यांच्यातले कित्येक हेरॉइनकडे गेले, आणि काही वर्षांत त्या हेरॉइनमध्ये फेंटानिल हे त्याहून जहाल औषध मिसळलं जाऊ लागलं. मग नियम कडक झाले, २०१६ मध्ये ही औषधं लिहिण्याबद्दल नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि डॉक्टर घाबरले. काल डोस वाढवणारा डॉक्टर आज त्याच रुग्णाला दारातून परत पाठवू लागला. दोन्ही वेळा चूक एकाच ठिकाणी होती. लिहायला त्याला शिकवलं होतं, सांभाळायला कोणी शिकवलं नव्हतं. १९९९ ते २०२३ या काळात अमेरिकेत अफूच्या जातीच्या औषधांच्या आणि नशेच्या अति मात्रेने आठ लाखांहून अधिक माणसं मेली. सगळीच तुमच्या गोळीने मेली असं मी म्हणत नाही. नंतरच्या काळात तर बहुतेकांचा जीव फेंटानिलने घेतला. पण त्या वाटेच्या तोंडाशी तुमचे मास्तर उभे होते.

आणि इथे तुमची सगळ्यात निर्लज्ज गोष्ट येते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या खटल्यातून 'प्रोजेक्ट टँगो' उघड झाला. २०१४-१५ च्या सुमारास तुम्ही व्यसनमुक्तीच्या उपचाराच्या धंद्यात शिरायचा विचार करत होता. वेदना आणि व्यसन ही एकाच वाटेवरची दोन ठिकाणं आहेत आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक आहे, असं तुमच्या अंतर्गत सादरीकरणात मांडलेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये ब्यूप्रेनॉर्फिनच्या एका नव्या प्रकाराचं पेटंट मिळालं, आणि त्यावर संशोधकांच्या नावांत रिचर्ड सॅकलर यांचंही नाव होतं. म्हणजे उपचार काय आहे, तो किती चालतो, किती लोकांना लागणार आहे, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. ज्यांना तुम्ही २००१ मध्ये गुन्हेगार म्हणालात, त्यांनाच पुढे बाजारपेठ म्हणालात. मधल्या काळात त्यांना रुग्ण म्हणायला तुम्हाला वेळ मिळाला नाही.

२००७ मध्ये तुमच्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. कंपनी आणि तीन अधिकारी मिळून ६३ कोटी ४५ लाख डॉलर दंड, तुरुंगात कोणीही नाही. त्यानंतर तरी शिकवणं थांबेल असं वाटलं होतं. २०२० मध्ये पुन्हा तीन गुन्हे कबूल केलेत, आणि त्यातला एक भाग पुन्हा डॉक्टरांच्या शिकवणीचाच होता. भाषणं देण्याच्या नावाखाली डॉक्टरांना पैसे, आणि 'प्रॅक्टिस फ्यूजन' या रुग्णनोंदीच्या सॉफ्टवेअर कंपनीला पैसे. कशासाठी? रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरच्या संगणकावर सूचना झळकावी, आणि तिने डॉक्टरचा हात तुमच्या औषधांकडे वळवावा म्हणून. एमआरला दवाखान्याबाहेर बसून वाट पाहावी लागते. ही सूचना थेट तपासणीच्या टेबलावर जाऊन बसली.

तुम्हाला वाटेल, ही मराठीत लिहिणारी बाई अमेरिकेच्या भांडणात का पडतेय. दोन कारणं आहेत. एक म्हणजे आमच्या मिरज-नागपूर-मुंबईत एमबीबीएस केलेले कितीतरी डॉक्टर व्हिसाच्या अटींमुळे तुमच्या छोट्या गावांतच नोकरी करतात, आणि तुमचे एमआर त्यांच्याही दारात जात होते. दुसरं, तुमचे धडे अमेरिकेत थांबले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेला २०१९ मध्ये वेदनाशामकांबद्दलची आपली दोन मार्गदर्शक पुस्तकं मागे घ्यावी लागली, कारण त्यांच्यावर तुमच्या कंपनीची छाया असल्याचा आक्षेप अमेरिकी खासदारांनी घेतला होता. भारतासारख्या देशाला त्याचा दुहेरी फटका बसतो. इथे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिन मिळावं म्हणून केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी आयुष्य घातलं, २०१४ मध्ये कायदा बदलून घेतला. तुमच्यामुळे प्रत्येक खऱ्या वेदनाशामकाकडे संशयाने पाहिलं जातं. आणि दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईची एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या चटक लावणाऱ्या औषधांचं मिश्रण करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. केंद्र सरकारने मग त्या मिश्रणाच्या परवानग्या रद्द केल्या. तिथल्या पोरांना गोळ्या विकण्याचा हा धंदा तुमच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणेच चालला.

आमच्याकडेही वर्ग रिकामाच आहे, हे मी लपवत नाही. सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूच्या जातीच्या पदार्थांमुळे उपचाराची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांत ३८ माणसांमागे एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. एमबीबीएसला मानसोपचाराची स्वतंत्र परीक्षा नाही, आणि विद्यार्थी परीक्षा ज्याची त्याचाच अभ्यास करतो. १९८६ मध्ये पुण्यात गर्दने पोरं मरू लागली, तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी, डॉ. अनिल अवचट यांच्या सोबतीने आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यांना शिकवायला कोणती कंपनी आली नाही. रुग्णांकडूनच त्या शिकल्या, आणि बरे झालेल्यांनाच पुढे समुपदेशक केलं. ज्याला लोक गर्दुल्ला म्हणून हाकलत, त्याला त्यांनी आजारी माणूस म्हणून आत घेतलं. हेही प्रशिक्षणच होतं. त्याला रिसॉर्ट लागला नाही. आज बंगळुरूची निम्हान्स संस्था लहान गावांतल्या डॉक्टरांना व्हिडिओवरून रुग्ण दर रुग्ण हा उपचार शिकवते. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरने न्यू मेक्सिकोत सुरू केलेल्या पद्धतीवर ते काम उभं आहे. पण असे वर्ग अजून फार थोडे आहेत. म्हणून तुमच्यासारखा एखादा मास्तर इथे केव्हाही खडू उचलू शकतो, ही भीती मला आहे.

तुमच्या देशाने निदान एक चूक सुधारली. २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या कायद्याने एक्सचा वेगळा परवाना गेला. जून २०२३ पासून नियंत्रित औषधं लिहिणाऱ्या बहुतेक प्रत्येकाला व्यसनाच्या उपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. म्हणजे तुमची गोळी लिहिणाऱ्यालाही. हे १९९६ मध्ये झालं असतं तर? हा प्रश्न मी तुमच्याकडेच ठेवते.

आता पैशाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ७.४ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली, त्यात सॅकलर कुटुंब पंधरा वर्षांत सात अब्जांपर्यंत देणार. त्याआधी या कुटुंबाने कंपनीतून सुमारे ११ अब्ज डॉलर काढून घेतल्याची नोंद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालात आहे. कुटुंबातल्या एकावरही फौजदारी खटला झालेला नाही. लूव्र आणि मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांनी तुमचं नाव भिंतीवरून उतरवलं, एवढीच काय ती शिक्षा.

तुमच्याकडून मला माफी नको. ती तुमचे वकील लिहून देतील. मला तुमच्या फायली हव्यात. तडजोडीप्रमाणे लाखो कागदपत्रं सार्वजनिक होणार आहेत. त्यातल्या एमआरच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका आधी बाहेर काढा. कोणत्या डॉक्टरला कसं हेरायचं, त्याच्या शंकेला काय उत्तर द्यायचं, 'स्यूडोॲडिक्शन' कसं समजवायचं, हे सगळं ज्यात लिहिलंय त्या. त्या प्रत्येक वैद्यकीय कॉलेजात वाचल्या गेल्या पाहिजेत, केंटकीतल्या आणि मिरजेतल्याही, ब्यूप्रेनॉर्फिनच्या तासाच्या आधी. आणि तुम्ही देत असलेल्या पैशातून खाणगावांतल्या नर्सना ते प्रशिक्षण भरपगारी रजेवर मिळू दे, विमानाचं तिकीट आणि जेवण धरून. तुमच्या मासेमारीच्या टोप्यांना जेवढं दिलंत, तेवढं तरी.

कळावे.